घरचे वायफाय चोरून ऐकले जाऊ नये यासाठी: राउटरची सेटिंगे कोणत्या क्रमाने बदलावीत

वायफायची सुरक्षा तपासायची म्हटली की बहुतेक जण राउटरच्या अ‍ॅपमध्ये जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी पाहतात आणि तिच्यात घरातलेच फोन, टीव्ही व लॅपटॉप दिसले की निश्चिंत होतात. फुकटात इंटरनेट वापरणारा शेजारी पकडायला ही तपासणी ठीक आहे. चोरून ऐकणारा मात्र तिच्यात कधीच सापडत नाही, कारण तो आपल्या राउटरला जोडलेलाच नसतो. राउटर आणि फोन यांच्यातील लहरी भिंतीपलीकडे, जिन्यात आणि समोरच्या इमारतीच्या गच्चीवरही पोहोचतात. त्या नुसत्या टिपून घेणाऱ्याची राउटरच्या नोंदीत एक ओळही उमटत नाही.

हा फरक लक्षात न घेतल्यामुळे लोक नेटवर्कचे नाव लपवतात, ठरावीक उपकरणांनाच त्यांच्या मॅक पत्त्यावरून (उपकरणाच्या ओळख क्रमांकावरून) प्रवेश देणारी मॅक यादी तयार करतात, दर महिन्याला पासवर्ड बदलतात, आणि ज्या दोन-तीन सेटिंगांवर सगळे अवलंबून असते त्यांना हात लावायचे राहून जाते. जे योग्य सेटिंग बदलतात त्यांचाही क्रम चुकतो, मग मध्येच इंटरनेट बंद पडते आणि घाईघाईत सगळे पूर्ववत केले जाते. पुढील टप्पे घरगुती राउटरसाठी आहेत. ते लिहिलेल्या क्रमानेच करावेत.

सुरुवातीला एवढे समजून घ्यावे

डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीत फोन राउटरला जोडला जातो तेव्हा दोघांमध्ये चार छोट्या संदेशांची देवाणघेवाण होते. तिला हँडशेक म्हणतात. त्यात पासवर्ड कुठेही उघडपणे जात नाही, परंतु आपण केलेला अंदाज बरोबर आहे की चूक हे पडताळून पाहण्याइतकी माहिती त्या संदेशांत असते. ऐकणारा ते चार संदेश एकदाच टिपतो, घरी नेतो आणि आपल्या संगणकाला एकामागून एक पासवर्ड लावून पाहायला सांगतो. कोणी नव्याने जोडले जाईपर्यंत थांबायची त्याची तयारी नसेल, तर जुन्या राउटरच्या बाबतीत तो ‘जोडणी तोडा’ असा खोटा संदेश हवेत सोडतो. फोन क्षणभर तुटतो, आपोआप पुन्हा जोडला जातो आणि हँडशेक त्याच्या हाती लागतो.

पुढचे सगळे घरी बसून, आपल्या राउटरशी काहीही संबंध न ठेवता चालते. त्यामुळे ‘पाच वेळा चुकीचा पासवर्ड टाकला की बंद’ अशी कोणतीही व्यवस्था येथे आड येत नाही. पासवर्ड सापडलाच, तर त्याने आधी ध्वनिमुद्रणासारखे साठवून ठेवलेले संभाषणही उलगडता येते. पासवर्ड नंतर बदलून हे मागचे नुकसान भरून निघत नाही.

टप्पा १: तयारी

घरात कोणाची ऑनलाइन मीटिंग किंवा क्लास नाही असा तासभर वेळ निवडावा. एक लॅपटॉप आणि लॅन केबल जवळ ठेवावी. केबल का, तर वायफायची सेटिंगे वायफायवरूनच बदलताना मध्येच आपणच बाहेर फेकले जातो, आणि अर्धवट जतन झालेले सेटिंग शोधण्यात वेळ जातो. शिवाय अनेक राउटरांचे सेटिंगचे पान साध्या, कूटबद्ध नसलेल्या जोडणीवर उघडते. तेथे टाकलेला पासवर्ड तारेतून गेलेला बरा.

राउटर उलटा करून खालच्या स्टिकरचा फोटो घ्यावा. त्यावर मॉडेल, सेटिंगच्या पानाचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१), मूळ लॉगिन आणि मूळ वायफाय पासवर्ड असतो. हा फोटो कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नये. सेवा देणाऱ्याच्या माणसाने मागितला तर त्याला फक्त मॉडेल क्रमांक कळवावा.

घरातील वायफायवर चालणाऱ्या सगळ्या वस्तूंची वहीत यादी करावी. फोन आणि लॅपटॉप आठवतात. प्रिंटर, सीसीटीव्ही कॅमेरा, स्मार्ट बल्ब, इन्व्हर्टरचे मॉनिटर आणि आजीचा जुना टॅब मागे राहतात, आणि दुसऱ्या दिवशी कॅमेरा बंद का म्हणून शोधाशोध होते.

*सावधान:* राउटरच्या मागच्या बारीक छिद्रात पिन खुपसून रीसेट करण्याआधी जोडणीचे पीपीपीओई (सेवा देणाऱ्याच्या यंत्रणेत लॉगिन करण्याचे) नाव आणि पासवर्ड हातात आहेत ना, हे पाहावे. गावोगावच्या केबल आणि फायबर जोडण्यांमध्ये ही माहिती जोडणी करणाऱ्या माणसाने राउटरमध्ये भरलेली असते आणि ग्राहकाला सांगितलेली नसते. रीसेट केल्यावर ती पुसली जाते, आणि रविवार असेल तर सोमवारपर्यंत इंटरनेट विसरावे लागते. आधी फोन करून ती मागून घ्यावी आणि वहीत लिहावी.

टप्पा २: राउटरचे कुलूप आणि फर्मवेअर

वायफायचा पासवर्ड आणि राउटरच्या सेटिंगचा अ‍ॅडमिन पासवर्ड या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अनेक घरांत पहिला कसोशीने बदललेला असतो आणि दुसरा कारखान्यातून आला तसाच, म्हणजे ‘अ‍ॅडमिन’ हाच राहिलेला असतो. असे असेल तर वायफायवर आलेला कोणीही, किंवा घरातील एखाद्या फोनमध्ये शिरलेले वाईट अ‍ॅप, राउटरमध्ये जाऊन आपला सगळा बंदोबस्त मोडू शकते. म्हणून सुरुवात येथून करावी.

केबलने जोडलेल्या लॅपटॉपवर सेटिंगचे पान उघडून अ‍ॅडमिन पासवर्ड बदलावा आणि वहीत लिहावा. वहीत लिहिण्यात कमीपणा नाही. लहरी ऐकणारा आपल्या कपाटात डोकावत नसतो. त्याच पानांवर ‘रिमोट मॅनेजमेंट’ किंवा तत्सम नावाचे, बाहेरून इंटरनेटवरून राउटर उघडू देणारे सेटिंग सापडेल. ते बंद करावे.

यानंतर फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आत चालणारे सॉफ्टवेअर. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए२ च्या हँडशेकमध्येच एक मोठी उणीव सापडली होती. ‘क्रॅक’ या नावाने ती ओळखली जाते. पासवर्ड कितीही चांगला असला तरी ती ऐकणाऱ्याच्या उपयोगी पडत होती आणि तिच्यावर इलाज केवळ अपडेट हाच होता. राउटरच्या पानावर अपडेटची सोय असेल तर ते करावे, आणि ते चालू असताना वीज जाणार नाही याची काळजी घ्यावी, कारण अर्ध्यावर बंद पडलेला राउटर कायमचा निकामी होऊ शकतो. राउटर सेवा देणाऱ्याच्या मालकीचा असेल तर अपडेट बहुधा तेच पाठवतात. तेव्हा त्यांना विचारावे.

*तपासणी:* काही राउटरांत अपडेटनंतर सेटिंगे मूळपदावर जातात. अ‍ॅडमिन पासवर्ड आपण दिलेलाच आहे ना, हे पुन्हा लॉगिन करून पाहावे. फर्मवेअर आधी आणि बाकीचे नंतर, हा क्रम याच कारणासाठी आहे.

टप्पा ३: एन्क्रिप्शनचा (कूटबद्ध करण्याचा) प्रकार

वायरलेस सुरक्षेच्या पानावर एक खाली उघडणारी यादी असते. तिच्यातील ‘ओपन’ आणि ‘डब्ल्यूईपी’ यांचा विचारही करू नये. डब्ल्यूईपीचे कूट २००१ मध्येच फुटले आहे आणि आज ते काही मिनिटांत उघडते. नुसता ‘डब्ल्यूपीए’ आणि ‘डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ मिश्र’ हे पर्यायही टाळावेत. मिश्र पर्याय ‘सगळे चालेल’ असे वाटून निवडला जातो, पण त्याच्याबरोबर ‘टीकेआयपी’ ही कालबाह्य पद्धत आत येते. तिचा एक तोटा तर लगेच जाणवतो: टीकेआयपीवर जोडलेल्या उपकरणाचा वेग ५४ एमबीपीएसच्या वर जात नाही. शंभरचा प्लॅन घेऊनही जुन्या लॅपटॉपला वेग मिळत नाही अशी तक्रार असेल, तर एकदा येथे डोकावून पाहावे.

निवड दोनच पर्यायांत करायची. घरातील सगळी उपकरणे नवी असतील तर ‘डब्ल्यूपीए३ पर्सनल’. नसतील तर ‘डब्ल्यूपीए२ पर्सनल’, आणि त्याच्यापुढे ‘एईएस’ ही कूटबद्ध करण्याची पद्धत. २०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ मध्ये हँडशेक टिपून घरी नेण्याचा उपयोग राहत नाही, कारण प्रत्येक अंदाजासाठी राउटरशीच बोलावे लागते; आणि पुढे कधी पासवर्ड फुटलाच तरी आधी साठवलेले संभाषण उलगडत नाही. जुलै २०२० पासून वायफायचे प्रमाणपत्र घेणाऱ्या नव्या उपकरणांना डब्ल्यूपीए३ सक्तीचे आहे, त्यामुळे त्यानंतर घेतलेल्या फोनमध्ये ते बहुधा असतेच. अडते ते टीव्ही आणि प्रिंटरपाशी.

दोन्ही एकत्र चालवणारा ‘डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३’ हा पर्याय तडजोड म्हणून चालेल, मात्र त्यात एक फसगत आहे. एकच पासवर्ड दोन्ही पद्धतींना चालतो, त्यामुळे जुना टीव्ही जोडला जाताना त्याचा हँडशेक टिपून तो फोडता येतो. या पर्यायात पासवर्ड डब्ल्यूपीए२ ला हवा तितका भक्कमच लागतो.

टप्पा ४: पासवर्ड

सगळ्यात जास्त चुका येथे होतात. जोडणी करायला आलेला मुलगा ‘पासवर्ड काय ठेवू?’ असे विचारतो आणि उत्तराची वाट न पाहता आपला मोबाइल नंबर टाकून मोकळा होतो. माझ्या ओळखीच्या निम्म्याअधिक घरांत हेच आढळले. नंबर दहा आकडी असल्यामुळे लांबलचक वाटतो, म्हणून गणित करून पाहू. भारतीय मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. म्हणजे शक्य नंबर ४०० कोटी. गेम खेळण्यासाठी घेतलेले चांगले ग्राफिक्स कार्ड डब्ल्यूपीए२ चे दर सेकंदाला दहा लाख अंदाज तपासू शकते. ४०० कोटींना दहा लाखांनी भागले की ४,००० सेकंद येतात. सत्तर मिनिटांच्या आत देशातील प्रत्येक मोबाइल नंबर तपासून होतो, मग तो कोणाचाही असो. जन्मतारीख तर किमान आठ अक्षरांची अट बरोबर पुरी करते म्हणून लोकप्रिय आहे; शंभर वर्षांत साधारण ३६,५०० तारखा येतात. त्यांना एक सेकंदही लागत नाही.

नावापुढे ‘अ‍ॅट’चे चिन्ह आणि १२३, ‘गणपतीबाप्पामोरया’, सोसायटीचे नाव आणि फ्लॅटचा क्रमांक हेही याच जातीचे. अंदाज करणारा प्रोग्राम सुरुवात अशाच शब्दांपासून करतो, आणि ‘ए’च्या जागी ‘अ‍ॅट’ घालण्याची युक्ती त्याला आपल्याआधी ठाऊक असते.

भक्कम आणि तरीही पाहुण्याला बोलून सांगता येईल असा पासवर्ड हवा असेल, तर एकमेकांशी संबंध नसलेले पाच शब्द घ्यावेत. शब्द मनाने निवडू नयेत. मन नेहमी घर, आई, देव यांच्याभोवतीच फिरते. एक जाडसा शब्दकोश घ्यावा. पाकिटातील एका नोटेच्या क्रमांकाचे शेवटचे तीन आकडे म्हणजे पानाचा क्रमांक. दुसऱ्या नोटेचे शेवटचे दोन आकडे म्हणजे त्या पानावरचा कितवा शब्द. तितके पान किंवा तितका शब्द नसेल तर ती नोट सोडून पुढची घ्यावी. नोटा बाजारात फिरलेल्या असाव्यात, एटीएममधून आलेल्या कोऱ्या नोटांचे क्रमांक ओळीने असतात. असे पाच शब्द काढून रोमन लिपीत, मध्ये जोडरेघ देऊन लिहावेत. ‘परात, उंबर, तगादा, शिंपले, ओसरी’ असे काहीतरी निघेल. हा नमुना मात्र वापरू नये, तो आता छापला गेला आहे.

शब्दकोशात आठ हजारांच्या आसपास शब्द आहेत असे धरले, तर वर सांगितलेल्या वेगाने पाच शब्दांच्या सगळ्या जुळण्या तपासायला नऊ लाख वर्षांहून अधिक काळ लागतो. चार शब्दांना सव्वाशे वर्षांच्या आसपास लागतात. पण शंभर कार्डे लावणाऱ्यासाठी ते सव्वा वर्षच झाले. म्हणून पाच.

पासवर्ड देवनागरीत ठेवण्याचा मोह आवरावा. डब्ल्यूपीए२ मध्ये रोमन अक्षरे, आकडे आणि साधी चिन्हे मिळून ८ ते ६३ अक्षरे चालतात. देवनागरी एखाद्या फोनवर चालले तरी टीव्हीवर अडते.

नेटवर्कचे नावही आताच बदलून घ्यावे. डब्ल्यूपीए२ मध्ये कूटाची किल्ली तयार करताना पासवर्डमध्ये नेटवर्कचे नाव मिसळले जाते, आणि कारखान्यातून येणाऱ्या नेहमीच्या नावांसाठी तयार किल्ल्यांचे तक्ते आधीच बनवून ठेवलेले असतात. वेगळे नाव ठेवले की ते तक्ते निरुपयोगी ठरतात. मात्र नावात आडनाव आणि फ्लॅट क्रमांक घालू नये. मोठ्या सोसायटीत फोनवर वायफायची यादी उघडली की कोणत्या मजल्यावर कोण राहते याची जणू पाटीच वाचायला मिळते.

*दोन व्यर्थ उपाय:* नाव लपवल्याने ऐकणाऱ्याचे काहीच अडत नाही. उलट लपवलेल्या नेटवर्कची सवय असलेला फोन लोकलमध्येसुद्धा त्या नावाने हाका मारीत फिरतो. मॅक यादीचेही तसेच. प्रत्येक उपकरणाचा मॅक पत्ता कूटबद्ध न होता हवेतून जातो आणि कोणालाही नक्कल करता येतो. त्यातून हल्लीचे फोन तो पत्ता स्वतःच बदलून सांगतात, त्यामुळे त्या यादीने बाहेर राहतो तो घरचाच माणूस.

टप्पा ५: डब्ल्यूपीएस बंद करणे

डब्ल्यूपीएस म्हणजे पासवर्ड न टाकता, बटण दाबून किंवा पिन देऊन उपकरण जोडण्याची सोय. एवढे करून ती चालू राहिली, तर मागचे दार उघडे राहिले. डब्ल्यूपीएसमध्ये पासवर्डऐवजी आठ आकडी पिन चालतो. त्यातील शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून ठरतो, आणि राउटर पिनचे दोन भाग वेगवेगळे तपासून ‘पहिला अर्धा चुकला’ असे सांगून टाकतो. त्यामुळे एक कोटीऐवजी दहा हजार अधिक एक हजार, म्हणजे जास्तीत जास्त ११,००० प्रयत्न पुरतात. ही उणीव २०११ च्या अखेरीस जाहीर झाली, तरी जुन्या राउटरांत ती आजही आहे. सेटिंगच्या पानावर डब्ल्यूपीएस पूर्ण बंद करावे. ‘फक्त पिन बंद, बटण चालू’ असा पर्याय असल्यास दोन्ही बंद.

*तपासणी:* काही जुन्या मॉडेलांत पानावर ‘बंद’ दिसते आणि प्रत्यक्षात ते चालूच राहते. अँड्रॉइडवर आजूबाजूची नेटवर्के दाखवणारे एखादे वायफाय अ‍ॅनालायझर अ‍ॅप घ्यावे. आपल्या नेटवर्कच्या तपशिलात ‘डब्ल्यूपीएस’ हा शब्द अजून दिसत असेल, तर राउटर बदलण्याची वेळ आली आहे.

टप्पा ६: पाहुण्यांचे नेटवर्क

डब्ल्यूपीए२ मध्ये ज्याला पासवर्ड ठाऊक आहे आणि ज्याने आपला हँडशेक ऐकला आहे, त्याला आपली वाहतूक उलगडता येते. म्हणून मुख्य पासवर्ड घरच्यांपुरताच ठेवावा. राउटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असेल तर ते वेगळ्या पासवर्डने सुरू करावे, त्यातील उपकरणांना एकमेकांपासून अलग ठेवणारे ‘आयसोलेशन’ चालू करावे, आणि पाहुण्यांबरोबरच स्मार्ट बल्ब व कॅमेरेही तेथेच टाकावेत. जुन्या टीव्हीसाठी डब्ल्यूपीए२ ठेवणे भाग असेल, तर राउटर परवानगी देत असल्यास ते फक्त येथे ठेवून मुख्य नेटवर्क डब्ल्यूपीए३ वर न्यावे.

कोकणातील घरगुती राहण्याच्या जागांमध्ये आणि पुण्यातील पीजींमध्ये भिंतीवर वायफायचा क्यूआर कोड चिकटवलेला असतो. त्या चौकोनात पासवर्ड कोणत्याही कूटाविना लिहिलेला असतो. त्याचा फोटो म्हणजे पासवर्डच. तेथे गेस्ट नेटवर्कचाच कोड लावावा, आणि पाहुणे बदलतात तसा तो बदलत राहावा.

पासवर्डच नसलेले मोकळे नेटवर्क ठेवू नये. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतील एका घराच्या वायफायवरून गेला होता, आणि पोलीस पहिल्यांदा पोहोचले ते त्या घरी.

टप्पा ७: उपकरणे पुन्हा जोडणे

आता केबल काढून वहीतील यादीप्रमाणे एकेक उपकरण जोडावे. प्रत्येक फोनवर जुने नेटवर्क ‘फरगेट’ करावे. तेथेच साठलेल्या यादीतून हॉटेल, विमानतळ आणि कॅफे यांची नावेही काढून टाकावीत. फोन नेटवर्क ओळखतो तो मुख्यतः नावावरून. त्याच नावाचे बनावट नेटवर्क कोणी उभे केले तर फोन खिशातल्या खिशात त्याला जोडला जातो. ज्या टीव्हीला किंवा प्रिंटरला केबल लागू शकते त्याला केबलच लावावी.

टप्पा ८: खातरजमा

विंडोज लॅपटॉपवर वायफायच्या गुणधर्मांत ‘सिक्युरिटी टाइप’ समोर डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ पर्सनल दिसले पाहिजे. आयफोनवर नेटवर्कच्या नावाखाली ‘वीक सिक्युरिटी’ असे दिसले, तर टप्पा ३ मध्ये टीकेआयपी कुठेतरी राहिला आहे. टू-पॉइंट-फोर आणि फाइव्ह गिगाहर्ट्झ या वायफायच्या दोन पट्ट्यांची सेटिंगे अनेक राउटरांत स्वतंत्र पानांवर असतात. एकावर डब्ल्यूपीए३ आणि दुसऱ्यावर जुनाच पासवर्ड, ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती तीन महिन्यांनी लक्षात आली. दोन्ही तपासावीत.

हँडशेक टिपण्याची साधने वापरून आपला पासवर्ड आजमावायचा असेल, तर ते फक्त स्वतःच्या नेटवर्कवर करावे. दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये विनापरवानगी शिरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा पाच लाखांपर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे.

घराबाहेर

स्टेशनवरील किंवा कॅफेतील वायफायला ओटीपी मागितला म्हणजे ते सुरक्षित झाले, हा समज चुकीचा आहे. ओटीपीने आपण कोण हे त्यांना कळते. हवेतील वाहतूक मोकळीच राहते. बँकेची आणि पैसे देण्याची अ‍ॅपे स्वतःचे एन्क्रिप्शन वापरतात, त्यामुळे पासवर्ड उघडा पडत नाही, परंतु आपण कोणत्या साइटवर किती वेळ होतो हे ऐकणाऱ्याला कळू शकते. ब्राउझरने प्रमाणपत्राची सूचना दाखवली तर ‘तरीही पुढे जा’ दाबू नये, तेथेच थांबावे. महत्त्वाच्या कामासाठी फोनचा मोबाइल डेटा वापरावा. लॅपटॉपला हॉटस्पॉट दिला तर त्याचा पासवर्डही टप्पा ४ प्रमाणेच असावा, कारण हॉटस्पॉट हाही एक राउटरच आहे. व्हीपीएनने, म्हणजे सगळी वाहतूक कूटबद्ध करून एका कंपनीमार्फत नेणाऱ्या सेवेने, कॅफेतील ऐकणारा दूर होतो आणि त्याच्या जागी व्हीपीएनची कंपनी येते. फुकटची असेल तर मी कॅफे पत्करीन.

डोंगलवर चालणारे वायरलेस कीबोर्ड राउटरच्या कक्षेत येतच नाहीत. त्यातील काही स्वस्त कीबोर्ड प्रत्येक कळ कूटबद्ध न करता हवेत सोडतात, आणि तेथे डब्ल्यूपीए३ काहीही करू शकत नाही. खोक्यावर एईएस एन्क्रिप्शनचा उल्लेख नसेल, तर बँकेचा पासवर्ड टाकण्यापुरता तारेचा कीबोर्ड लावावा.